सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या: कोणती कुठे काम करते?

मन प्रसन्न ठेवण्याचे आश्वासन देणाऱ्या पूरक गोळ्या फार्मसीत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात आणि मनःस्थितीशी निगडित असलेले सेरोटोनिन हे रसायन वाढवण्याचा दावा त्यांपैकी बहुतेकांवर असतो. ते कुठे वाढते, हे मात्र कोणी विचारत नाही. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते आणि रक्तातून मेंदूत त्याला प्रवेश नसतो. त्यामुळे आपल्या गोव्यातील मयडे गावच्या केळ्यांतील सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोहोचत नाही. त्याचा अवशेष लघवीत उतरतो, म्हणून तो अवशेष मोजणाऱ्या 5-एचआयएए या चाचणीपूर्वी केळी वर्ज्य करायला सांगतात.

मेंदू आपले सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतः घडवतो. मासे, अंडी, डाळी यांतून मिळणाऱ्या या आम्लाला मेंदूत शिरताना इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, आणि आत पोहोचल्यावरही त्याचे रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) आपल्या मर्यादित गतीनेच चालते. त्यामुळे ट्रिप्टोफॅनच्या गोळीचा प्रभाव बेताचाच राहतो. 1989 मध्ये अमेरिकेत ती घेणाऱ्या 1500 हून अधिक लोकांना तीव्र स्नायुदुखीचा आजार जडला, काही दगावलेही. बहुतेक प्रकरणांचा माग एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत गेला.

पश्चिम आफ्रिकेतील ग्रिफोनिया या वनस्पतीच्या बियांपासून काढलेले 5-एचटीपी, म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि सेरोटोनिन यांच्या मधला पदार्थ, विकराचा हा मंद टप्पा वगळते. जाहिरातीत हाच त्याचा गुण म्हणून मिरवला जातो. मला तो दोष वाटतो, कारण शरीराने ठेवलेले नियंत्रणच त्यातून चुकवले जाते आणि सेरोटोनिन मेंदूबाहेरही वाढून मळमळ, जुलाब सुरू होतात. शिवाय पुरावा तोकडा आहे: या दोन्ही पदार्थांवरील 108 चाचण्या 2002 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात तपासल्या गेल्या, तेव्हा फक्त दोनच चाचण्या निकषांवर उतरल्या आणि त्यांत मिळून 64 रुग्ण होते. (गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरील समुपदेशनाची जी चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, त्या एकाच चाचणीत 495 रुग्ण होते.)

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सेरोटोनिन घडवत नाही. चेतापेशी ते परत शोषून घेतात, त्या क्रियेला ती अडवते. सौम्य ते मध्यम नैराश्यात या तिघांपैकी सर्वांत भक्कम पुरावा तिच्याच बाजूने आहे. परंतु तिच्यामुळे यकृतातील विकरे अधिक कामाला लागतात आणि गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, एचआयव्हीवरील तसेच अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे शरीरातून लवकर निघून जातात.

नैराश्यावरील नेहमीच्या औषधांसोबत, ट्रॅमाडॉल या वेदनाशामकासोबत किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या खोकल्याच्या औषधासोबत यांपैकी काही घेतल्यास सेरोटोनिन बेसुमार वाढून थरथर, घाम, ताप, गोंधळ अशी लक्षणे उद्भवू शकतात; वेळीच उपचार न झाल्यास ते जिवावर बेतते. फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरील औषध बंद केल्यानंतरही काही आठवडे शरीरात टिकते, त्यामुळे औषध सोडून दुसऱ्या दिवशी पूरक गोळी सुरू करणेही सुरक्षित नाही.