ग्लायडर किट आणि एरोस्पेसची तयारी : आठवी ते बारावीच्या ग्राहकांसाठी

किट घेताना बहुतेक पालक एकच विचारतात : याने एरोस्पेसला प्रवेश मिळायला मदत होईल का? थेट नाही. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस शाखेसाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्डची रँक लागते. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ विज्ञान संस्थाही तीच रँक धरते, पण तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो, हे अनेकांना उशिरा कळतं. राज्यातल्या महाविद्यालयांत एरोनॉटिकल घ्यायचं तर एमएचटी-सीईटी, आणि तिथे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. म्हणून अकरावीला गणित सोडू नका. विमान-देखभालीचा परवाना आणि वैमानिकाचं लायसन्स हे रस्ते वेगळे आहेत. त्यासाठी आमचं किट घेऊ नका.

मग किट कशाला? पुस्तकातली समीकरणं हातात धरून तपासायला. आमच्या ग्लायडरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचा, पंख ४० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर रुंद. तोलासाठी नाकावर लावलेल्या मातीसकट वजन २४ ग्रॅम. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो आणि उचल गुणांक (पंख हवेतून वरचा जोर, म्हणजे उचल, किती मिळवतो याचा आकडा) ०.५ धरा, उचल आणि वजन सारखं असं मांडा, की वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर येतो. आता मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून खरा वेग मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर का, हे शोधण्यात खरा अभ्यास होतो.

(पंख खऱ्या विमानासारखा जाड का नाही, ही तक्रारही नेहमीची. या आकाराला आणि वेगाला रेनॉल्ड्स संख्या (पंखाची रुंदी, वेग आणि हवेचा चिकटपणा यांवरून येणारा आकडा) जेमतेम २७,००० असते. तिथे किंचित बाक दिलेली पातळ पट्टीच जाड पंखापेक्षा चांगली चालते. बाल्सा, म्हणजे पंखाचं हलकं लाकूड, आम्ही वाचवलेला नाही.)

आता ज्या चुकीपायी सगळ्यात जास्त पंख मोडतात ती. ग्लायडर सोडला, नाक वर उचललं, वेग संपला आणि तो धपकन खाली आला. मुलं लगेच नाकाला माती लावतात, शेपटीची कड वाकवतात आणि पुढची फेक जोरात करतात. तिन्ही एकदम! नाक वर जाण्याची कारणंही तीनच असतात : गुरुत्वमध्य मागे आहे, शेपटीची मागची कड वर वळलेली आहे, किंवा फेक जोरात झाली. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे अगदी नीट जुळवलेला ग्लायडरही जोरात फेकला की वर उसळतो. तिन्ही गोष्टी एकत्र बदलल्या तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

त्याऐवजी असं करा. पंखाच्या पुढच्या कडेपासून २.८ सेंटिमीटरवर खूण करा आणि तिथे दोन बोटांवर ग्लायडर तोला. समोरून पाहा, पंखाला पीळ असेल तर ग्लायडर एका बाजूला वळणारच. वारा नसताना, नाक जरासं खाली ठेवून, हलक्या धावेच्या वेगाने सोडा. तीनदा, अगदी सारखाच. अंतर वहीत लिहा. १.८ मीटर उंचीवरून ९ मीटर गेला तर ग्लाइड रेशो ५, सुरुवातीला पुरे. मग एकच बदल : माती अर्धा ग्रॅम, किंवा शेपटीची कड १ मिलिमीटर. पुन्हा तीन फेकी.

मोडलेला पंख बदलून मागायला आलात तर आम्ही आधी वही पाहतो. काहींना हे आवडत नाही. पण तोल चुकलेल्या ग्लायडरला नवा पंख लावला तर तोही त्याच दिवशी मोडतो, आणि पैसे तुमचेच जातात. सुटे पंख आमच्याकडे जोडीने मिळतात. चिकटवताना फेविकॉल बेताने लावा, कारण त्यातल्या पाण्याने पातळ बाल्सा वाकतो. रात्रभर सपाट वजनाखाली ठेवा. मोटरचं किट पहिल्यांदाच येणाऱ्याला आम्ही विकत नाही. मोटर तोलाची चूक झाकते.

बारावीच्या मुलांना दिवाळीनंतर रविवारच्या बॅचमध्ये घेत नाही, फी द्यायची तयारी असली तरी. तोवर किट खोक्यात राहू द्या, परीक्षा संपल्यावर या. बाकीच्यांनी रविवारच्या जुळवणीच्या सत्राला ग्लायडर, वही आणि मोबाईल घेऊन यावं. पंख सोडवून सपाट आणा, दप्तरात कोंबून नको.