आयआयटी मुंबईच्या ऑडिओ लॅबमध्ये पीएचडी करायची आहे? अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

पवईच्या आयआयटीत डिजिटल ऑडिओ प्रोसेसिंग लॅब आहे, थोडक्यात डॅप लॅब. हिंदुस्थानी संगीतातल्या सुरांचं विश्लेषण, बोलण्यातले चढउतार, मुलांचं मोठ्याने वाचन संगणकाने तपासणं अशी कामं तिथे चालतात. बरेच जण थेट प्राध्यापकांना बायोडेटा पाठवतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. मेल जरूर करा, पण त्याने प्रवेश होत नाही. लॅब स्वतःचे प्रवेश घेत नाही. अर्ज इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग विभागाकडे, कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंग या शाखेसाठी, ऑनलाइन करायचा. गाईड नंतर ठरतात.

जुलैच्या सत्राचे फॉर्म साधारण मार्चच्या सुमारास निघतात, जानेवारीच्या सत्राचे सप्टेंबर-ऑक्टोबरात.

एमटेक किंवा एमई असेल तर साधारणपणे ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत. फक्त बीई झालं असेल तर गेट हवी. तिचा स्कोअर निकालापासून ३ वर्षं चालतो, त्यामुळे जुनं कार्ड टाकून देऊ नका. टीचिंग असिस्टंटशिप मिळाली की पहिली २ वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, एकूण ५ वर्षांपर्यंत. नोकरी सांभाळून येणाऱ्यांना कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि ते मिळवण्यातच महिना जातो.

मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र, गेटचं कार्ड, फोटो हे सगळ्यांकडे असतंच. सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतर करायचं सूत्र सोबत ठेवा. खरी अडचण येते ती आरक्षणाच्या दाखल्यात. सेतूतून काढलेलं राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर इथे चालत नाही, मग त्याची मुदत शिल्लक का असेना. केंद्रीय नमुन्यातला ओबीसी दाखला हवा, तोही चालू आर्थिक वर्षातला, आणि जात केंद्राच्या यादीत असली पाहिजे. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थेत लागू नाही. उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी, या व इतर अटींत बसत असाल तर केंद्रीय नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढा. जाहिरात निघाल्यावर तहसीलच्या चकरा सुरू केल्यात तर उशीर होतो. एप्रिल लागला की दाखल्याचा अर्ज टाका.

नंतर लेखी परीक्षा, मुलाखत. भर संभाव्यता, लिनिअर अल्जिब्रा आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्सवर. पाठांतर लगेच उघडं पडतं. ५ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर आधी फिल्टर न लावता ८ किलोहर्ट्झने सॅम्पल केला तर ऐकू काय येईल? ‘नायक्विस्टचा नियम मोडला’ (म्हणजे सॅम्पलिंगचा वेग सुराच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त नाही) एवढं म्हणून भागत नाही. सूर ३ किलोहर्ट्झवर येतो, आणि तो तिथेच का येतो हे फळ्यावर काढून दाखवता आलं पाहिजे. कॉलेजात केलेला प्रोजेक्ट बायोडेटात लिहिला असेल तर त्यातली विंडोची (एका वेळी तपासायच्या आवाजाच्या तुकड्याची) लांबी का तेवढीच घेतली, हेही विचारतील असं धरून चला.

गेट नसेल आणि काम मात्र याच विषयात करायचं असेल, तर संशोधन प्रकल्पांवरच्या करारातल्या जागा बघा. त्यांच्या जाहिराती आयआरसीसी या आयआयटीच्या संशोधन प्रकल्प सांभाळणाऱ्या कार्यालयामार्फत वर्षभर येत असतात, पात्रता प्रत्येक पदाची वेगळी असते. त्या पदावर रुजू झालात म्हणजे पीएचडीला नाव लागलं असं नाही; त्यासाठी वरचा फॉर्म वेगळा भरावाच लागतो.