‘महान धर्माधिकारी’ हे दोस्तोयेव्हस्कीचं मत नव्हे

नाशिकच्या वाचनकट्ट्यांवर रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीच्या ‘द ब्रदर्स करमाझोव्ह’ या कादंबरीचा (१८८०) विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘महान धर्माधिकारी’ या प्रकरणात दोस्तोयेव्हस्कीने धर्म निकालात काढला. हे खरं नाही.

ती कथा लेखकाची नाही, कादंबरीतल्या इव्हान या पात्राची आहे. त्याने रचलेलं ‘काव्य’ तो धाकट्या भावाला, अल्योशाला, सांगतो. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या सेव्हिल शहरात ख्रिस्त परत येतो आणि धर्मसभेचा, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, म्हातारा अधिकारी त्यालाच कैद करतो. चमत्कार, गूढ आणि सत्ता यांवरच लोकांना सांभाळता येतं, स्वातंत्र्य त्यांना झेपत नाही, असा त्याचा युक्तिवाद. तो प्रभावी आहे, म्हणूनच वाचक फसतो. ख्रिस्त मात्र एक शब्द बोलत नाही. म्हाताऱ्याच्या ओठांचं चुंबन घेतो, बस्स. पुढे अल्योशाही इव्हानचं तसंच चुंबन घेतो. ही जोडी सुटली तर प्रतीकच हातातून सुटतं.

देवाच्या नावाने चालणारी सत्ता आणि देव, यांतला फरक नाशिककराला तरी समजावून सांगायला नको. १९३० साली काळाराम मंदिराचे दरवाजे भक्तांवरच बंद झाले होते.

इव्हानला उत्तर लगेच पुढच्या, सहाव्या भागात आहे: वृद्ध साधू झोसिमाचं आयुष्य आणि शिकवण. तेच आपलं उत्तर असल्याचं दोस्तोयेव्हस्कीने १८७९ च्या पत्रात स्वतः लिहिलंय. ते पुरेसं ठरेल का, ही धास्तीही त्याच पत्रात आहे.