जुना छोटा ट्रॅक्टर पुढून का उचलतो आणि पुढे लावलेलं वजन नक्की काय करतं

मागे कल्टिव्हेटर उचलून धरलाय, शेताच्या कडेला येऊन वळायचंय, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी ट्रॅक्टर आपला सरळच चाललाय, पुढची चाकं वाकडी होऊन माती खरवडत घसरतायत आणि शेवटी एका बाजूचा ब्रेक दाबून कसाबसा वळवला. जुना छोटा ट्रॅक्टर चालवलेल्या बऱ्याच जणांनी हे केलेलं असतं. गंमत म्हणजे त्या वेळी स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, म्हणून नवख्या माणसाला वाटतं वा, काय हलकं आहे! हलकं कसलं, पुढच्या चाकांवर वजनच उरलेलं नसतं.

मग कोणीतरी सांगतं की पुढे वजन लाव. सल्ला बरोबर आहे, पण आधी थोडं गणित करू, कारण यात किलोपेक्षा अंतराला जास्त किंमत आहे.

समजा ट्रॅक्टर 1100 किलोचा आहे, त्यातले 400 किलो पुढच्या चाकांवर, 700 मागच्या. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर 180 सेमी. आता मागे 300 किलोचं अवजार उचललं आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलपासून 120 सेमी मागे आहे. मागचा एक्सल झाला टेकू आणि सगळा ट्रॅक्टर झाला सी-सॉ. 300 गुणिले 120 म्हणजे 36000, त्याला 180 ने भागलं की 200. म्हणजे पुढच्या चाकांवरून तब्बल 200 किलो गायब! ते कुठे हवेत जात नाहीत, अवजाराच्या 300 किलोंसोबत मागच्या चाकांवर जाऊन बसतात, आणि मागे होतात 1200. पुढे उरले 200. स्टिअरिंग हातात राहावं म्हणून ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान 20 टक्के पुढच्या चाकांवर हवं असा साधारण नियम आहे, म्हणजे आपल्याला 220 पाहिजेत. आपण नापास.

आता पुढे बंपरवर 60 किलो लावू, पुढच्या एक्सलच्याही 50 सेमी पुढे. टेकूपासून अंतर 230 सेमी, म्हणून पुढच्या चाकांवर 60 नाही तर जवळपास 77 किलो वाढतात. वरचे 17 मागच्या चाकांवरून उचलून आणलेले. हेच 60 किलो सीटखाली मागच्या एक्सलवर ठेवले असते तर पुढे शून्य. ट्रॅक्टर पुढून उचलायला जो विरोध करतो त्याचंही असंच. त्याचं स्वतःचं वजन मागच्या एक्सलच्या सुमारे 65 सेमी पुढे काम करतं, म्हणजे 1100 गुणिले 65, 71500 (किलो-सेमी). बंपरवरचे 60 किलो त्यात 13800 टाकतात. वजन वाढलं साडेपाच टक्के आणि विरोध वाढला 19 टक्के, सौदा वाईट नाही.

हा पुढून उचलण्याचा त्रास नवा नाही. हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर 1917 मधे आला, साधारण 1200 किलोचा, आणि तो मागच्या मागे उलटतो म्हणून बदनाम झाला. पुढे त्याला मागे लांब शेपटासारखे मडगार्ड मिळायला लागले, तोंड उचललं की ते जमिनीला टेकावेत म्हणून. कारण असं की चाक रुतलं, फिरेना, आणि तुम्ही क्लच फाटकन सोडला तर इंजिन एक्सलला फिरवू शकत नाही, मग उलट एक्सलभोवती ट्रॅक्टरच फिरायला लागतो. न्यूटनचा तिसरा नियम, फक्त इथे तो तुमच्या अंगावर येतो. पाऊण सेकंदात परत न येण्याची वेळ होऊन जाते, क्लचवर पाय जाईपर्यंत खेळ खल्लास.

हॅरी फर्ग्युसन या आयरिश इंजिनिअरने यावर जे डोकं लावलं ते मला अजूनही भारी वाटतं. त्याचा टीई 20 हा छोटा ट्रॅक्टर 1946 ते 1956 मधे 5 लाखांहून जास्त बनला. त्यात नांगर तीन लिंकवर, म्हणजे खाली दोन आणि वर एक (ती टॉप लिंक) अशा दांड्यांवर असतो, नांगर मातीत ओढला जाताना वरून पुढे कलायला बघतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला मागून पुढे ढकलते, म्हणजे जितका जोर लागेल तितकं तोंड खाली दाबायला मदत. पण हे अवजार मातीत असेपर्यंतच हां. उचललं की तीच टॉप लिंक ढकलायची सोडून मागे ओढायला लागते आणि आपण परत सी-सॉवर.

बरं, पुढच्या वजनाने जे होत नाही तेही बघा. साखळी खालच्या ड्रॉबारला (ओढायच्या पट्टीला) न लावता वर टॉप लिंकच्या जागी लावून ओंडका ओढणारे लोक आहेत. 700 किलोची ओढ जमिनीपासून 40 सेमीवर असेल तर उलटवणारा जोर 28000, आणि 100 सेमीवर असेल तर 70000. आपल्या ट्रॅक्टरचा सगळा विरोध 71500! इथे 60 किलोने कितीसा फरक पडणार, साखळी खाली लावा.

दुसरं म्हणजे आडवं पलटी होणं. पुढचा एक्सल मधे एका पिनवर झुलतो, त्यामुळे ट्रॅक्टर खरं तर तीन पायांवर उभा असतो, मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. या त्रिकोणाचं टोक पुढे आहे, म्हणून गुरुत्वमध्य पुढे सरकवला की तो अरुंद भागात जातो आणि आडवी स्थिरता उलट थोडी कमीच होते. उतारावर आडवं चालायचं असेल तर मागची चाकं बाहेर काढून रुंदी वाढवणं, चाकांना वजन लावणं किंवा टायरमधे पाणी भरणं याचा उपयोग होतो. आणि रोल बार (पलटी झाल्यावर चालकाला वाचवणारी कमान) व सीट बेल्टची जागा यातलं काहीच घेत नाही.

जुन्या ट्रॅक्टरला वजन सहन होतंय का हा वेगळाच प्रश्न. बऱ्याच छोट्या मॉडेलना वेगळी चासी नसते, इंजिनचा ब्लॉक हाच कणा, आणि पुढे लटकवलेलं प्रत्येक किलो त्याच्या बोल्टवर येतं, खड्ड्यात आपटल्यावर तर कितीतरी पट. शिवाय पिनचा बुश (पिनभोवतीची झिजणारी नळी), किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन), पुढचे टायर सगळं वयस्कर, पॉवर स्टिअरिंग नाही, मग खांदे दुखतात ते तुमचे. बिडाचं वजन चांगलं कारण ते काँक्रीटच्या तिप्पट घन असतं, तेवढ्याच जागेत तिप्पट भार. काँक्रीटचा ठोकळाही चालतो पण बोल्टने आवळलेला हवा, वाळूची पोती दोरीने बांधू नका, सुटली तर थेट पुढच्या चाकाखाली जातील.

किती लावायचं हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा वजनकाट्यावर जाऊन फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, एकदा अवजार उचलून आणि एकदा अवजार काढून. पहिला आकडा ट्रॅक्टरच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या खाली गेला तर तेवढंच वजन वाढवा आणि परत मोजा. आणि अवजार काढून नुसतं रस्त्याने जायचं असेल तेव्हा वजनं उतरवून ठेवा, तेव्हा ती फक्त बुश खातात.