किती जणांनंतर थांबायचं?

‘मानसशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असं शीर्षक दिसलं की मी बातमीत दोन गोष्टी शोधतो: अभ्यास किती जणांवर झाला आणि हा आकडा केव्हा ठरला. पहिली कधीमधी सापडते. दुसरी जवळपास कधीच नाही, आणि खरी गोम तिथेच असते.

पाठ्यपुस्तकांत पद्धतींची उतरंड असते. सर्वेक्षण स्वस्त आणि झटपट, पण लोक स्वतःबद्दल बरं तेवढंच सांगतात. निरीक्षणात वागणं खरं दिसतं, कारण मात्र हाती लागत नाही. सहसंबंधाचंही, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलतात का हे पाहण्याचंही, तेच. प्रयोगात चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडता येतात, म्हणून तो सगळ्यांच्या वर.

या वरच्या पायरीवरच २०११ मध्ये धमाल झाली. कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोग आणि हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आधारे दावा केला, की माणसाला भविष्याची चाहूल लागते. शोधनिबंध नामांकित नियतकालिकात आला. एका प्रयोगात, विशिष्ट प्रकारचं चित्र कोणत्या पडद्यामागे येणार हे लोकांनी ५० ऐवजी ५३ टक्के वेळा बरोबर सांगितलं होतं. (५३ टक्क्यांवर कुठल्याही ज्योतिषाचं दुकान चालणार नाही, पण ते असो.) इतरांनी ते प्रयोग पुन्हा केले तेव्हा चाहूल गायब झाली. अडचणीची बाब ही, की बेम यांची पद्धत त्या काळच्या रिवाजाला धरूनच होती.

मग रिवाजातच काय बिघडलं होतं? अनेक गोष्टी, पण मला त्यातली एक फार आवडते. पी-मूल्य म्हणजे परिणाम मुळीच नसताना, केवळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या खाली गेली की निकाल छापण्याजोगा ठरतो. म्हणजे परिणाम शून्य असला तरी शंभरात पाच वेळा फसगत होणार, हे आपण आधीच मान्य केलेलं असतं. पण पाचाची ही हमी एका अटीवर मिळते: माणसं किती घ्यायची ते आधी ठरवायचं आणि हिशेब एकदाच करायचा.

समजा, एखाद्या सुरावटीने पाठांतर सुधारतं का, हे पाहायचंय. दोन गटांत वीस-वीस जण. पी ०.११. ‘अजून दहा-दहा घेऊ.’ ०.०७. ‘आणखी पाच-पाच.’ ०.०४. झालं, लिहा निबंध! कुणी खोटं बोललं नाही, एकही आकडा बदलला नाही. पण परिणाम शून्य असतो तेव्हा पी कुठेच स्थिरावत नाही. माणसं वाढतात तसा तो शून्य ते एकच्या दरम्यान भटकत राहतो. भटकता भटकता रेषेखाली उतरला, की नेमके त्याच क्षणी आपण थांबतो. पाच वेळा डोकावलं तर फसगत पाचावरून १४ टक्क्यांवर जाते, दहा वेळा डोकावलं तर १९ वर. हा हिशेब १९६९ पासून छापील उपलब्ध आहे. मर्यादाच न ठेवता डोकावत राहिलं तर रेषा ओलांडली जाणं अटळ आहे. कारण प्रमाण त्रुटीच्या (निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चढउताराच्या मापाच्या) पटीत मोजलेल्या फरकाच्या झेपा साधारण √(२ लॉग लॉग n) इतक्या वाढत जातात (n म्हणजे माणसांची संख्या), अतिशय सावकाश पण अमर्याद, आणि १.९६ ची रेषा (याच मापात पी ०.०५ ला जुळणारी) मात्र जागची हलत नाही.

असल्या पळवाटा मुद्दाम वापरून सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन या संशोधकांनी २०११ मध्येच एक गाणं ऐकल्याने विद्यार्थ्यांचं वय दीड वर्षाने कमी होतं, असं ‘सिद्ध’ करून दाखवलं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निकाल आले. मुळात ९७ टक्क्यांत परिणाम दिसला होता. फेरतपासणीत ३६ टक्क्यांत.

उलट, उतरंडीच्या तळाला असलेला व्यक्ती-अभ्यास, म्हणजे एकाच माणसाचा सखोल अभ्यास, पाहा. १९५३ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन यांना नव्या आठवणी साठवता येईनाशा झाल्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. आपण हे पूर्वी केल्याचं त्यांना आठवत नसे, तरी तीन दिवसांत हात सफाईने फिरू लागला. आठवण आणि कौशल्य मेंदूत वेगवेगळे साठवले जातात, हे एका माणसाने दाखवून दिलं. इथे पी-मूल्याची गरजच पडली नाही. मात्र अशी स्थिती किती जणांत आढळते, हे एका माणसावरून कधीच कळणार नाही.

२०१३ पासून काही नियतकालिकं माहिती गोळा होण्याआधीच आराखडा तपासून निबंध स्वीकारतात. निकाल काहीही येवो, छापतात. २०२१ च्या एका तुलनेत नेहमीच्या निबंधांपैकी ९६ टक्क्यांत पहिलं गृहीतक खरं ठरलं होतं. आधी नोंदवलेल्या आराखड्यांमध्ये ते ४४ टक्क्यांतच खरं ठरलं.