कात्रिना देवी नाही आणि सांता मुएर्ते शोभेची बाहुली नाही

ऑक्टोबर संपत आला की मेक्सिकोतल्या ‘मृतांच्या दिवसा’चे फोटो फिरू लागतात आणि त्यांखाली दरवर्षी तेच लिहिलेलं असतं: ‘मेक्सिकोची मृत्युदेवता’. फोटोत असते पिसांची रुंद हॅट घातलेली, दात दाखवत हसणारी सांगाड्याची बाई. तिला मेक्सिकोत कुणी हात जोडत नाही. ती कात्रिना. जिची खरोखर पूजा होते ती सांता मुएर्ते (म्हणजे ‘संत मृत्यू’) वेगळी, आणि त्या दोघींना एक मानणं मेक्सिकोतल्या श्रद्धाळू कॅथलिकालाही खटकतं आणि सांता मुएर्तेच्या भक्तालाही.

कात्रिना बहुतेकांनी पाहिलेली असते, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने ती व्यंगचित्र म्हणून कोरली. आपलं मूळ लपवून युरोपियन थाट मिरवणाऱ्यांवर तो टोला होता, म्हणून कवटीवर फ्रेंच हॅट. चित्र छापून आलं १९१३ मध्ये, पोसादा गेला त्याच वर्षी. तिला पूर्ण देह, झगा आणि कात्रिना हे नाव चित्रकार दिएगो रिव्हेराने १९४७ साली पूर्ण केलेल्या भित्तिचित्रातून मिळालं. आज मिचोआकान राज्यातल्या कापुला गावात मातीच्या कात्रिना घडवतात. त्या विकत घ्या, कपाटावर ठेवा, काहीच बिघडत नाही.

सांता मुएर्तेही सांगाडाच, पण साधारणपणे पायघोळ झग्यात आणि डोक्यावर खोळ घेतलेली असते. पण कपड्यांवरून ओळखायला जाल तर फसाल, कारण भक्त तिला केसांचा टोप आणि लग्नाचा पांढरा पोशाखही चढवतात. हात बघा. एका हातात कोयता, म्हणजे लांब दांड्याचा, गवत कापायचा. दुसऱ्यात पृथ्वीचा गोल किंवा तराजू. पायाशी बरेचदा घुबड. कात्रिनाच्या हातात फार तर पंखा किंवा छत्री.

खरा घोळ मूर्तीपेक्षा तिच्यापुढच्या मांडणीत होतो. मेणबत्त्या, फुलं, पाण्याचा ग्लास, तेकिला, सिगारेट हे दोन्हीकडे दिसतं, आणि बघणारा ठरवून टाकतो की पूजा एकच.

घरातली ओफ्रेंडा, म्हणजे गेलेल्या माणसांसाठीची मांडणी, मांडतात ती १ आणि २ नोव्हेंबरच्या ‘मृतांच्या दिवसा’साठी. पहिला दिवस गेलेल्या लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. मध्यभागी गेलेल्या माणसाचा फोटो, पुढे त्याच्या आवडीचे मोले किंवा तामालेससारखे पदार्थ, हाडांसारख्या पट्ट्या असलेला गोल, गोड पाव, शुद्धीसाठी मीठ, कोपालचा धूप. पाणी ठेवतात कारण लांबून येणाऱ्याला तहान लागते. वाट सापडावी म्हणून दारापासून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. (झेंडू मूळचा तिथलाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो नंतर आला.) पितृपंधरवड्यात पान वाढणाऱ्या घराला याचा अर्थ लगेच कळेल: आपला माणूस जेवायला येणार आहे. त्याच्याकडे काही मागायचं नसतं. फोटो काढून घेतला तर ओफ्रेंडाला अर्थ उरत नाही. बाजूची कात्रिना काढली तर काहीही बदलत नाही.

सांता मुएर्तेच्या वेदीवर मध्यभागी ती स्वतः असते. तिथला तेकिला तिचा, सिगारचा धूर तिच्याच तोंडावर सोडतात. तिथे मागणं असतं आणि फेडणं असतं. मेणबत्तीचा रंग मागण्यावरून ठरतो: लाल प्रेमासाठी, सोनेरी पैशासाठी, हिरवी कोर्टकचेरीसाठी, जांभळी आजारपणासाठी, पांढरी कृतज्ञतेची, काळी संरक्षणासाठी किंवा कुणाचं वाईट व्हावं म्हणून. काम झालं की बोललेला नवस फेडायचा. तो बुडवला तर ती कोपते, असं भक्त मानतात. आणि ही वेदी बारा महिने असते. मेक्सिको सिटीच्या तेपितो वस्तीत एन्रिकेता रोमेरो यांनी २००१ मध्ये आपल्या घराबाहेर तिची मूर्ती उघडपणे मांडली. तिथे महिन्याच्या पहिल्या तारखेला रोझरी, म्हणजे जपमाळेची सामूहिक प्रार्थना होते, लोक आपापल्या मूर्ती कवेत घेऊन येतात, काही गुडघ्यांवर चालत.

चर्चची भूमिकाही यातूनच येते. २ नोव्हेंबर हा चर्चचाच दिवस, पाद्री त्या दिवशी मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणतात. सांता मुएर्तेच्या पूजेला मात्र व्हॅटिकनच्या कार्डिनल राव्हासी यांनी २०१३ मध्ये ईशनिंदा म्हटलं. तरी तिचे बरेच भक्त स्वतःला कॅथलिकच समजतात. ‘ड्रग माफियांची देवी’ हा शिक्काही मला अजिबात मान्य नाही. गुन्हेगार तिला मानतात हे खरं, पण फेरीवाले, टॅक्सीवाले, कैद्यांच्या आया आणि पोलीसही मानतात.

म्हणून ओफ्रेंडा सजवायची हौस असेल तर कोयतेवाली मूर्ती ‘थीमला शोभते’ म्हणून त्यावर ठेवू नका. आजीच्या फोटोशेजारी ती ठेवलीत, तर बघणारा मेक्सिकन माणूस विचारेल की तुम्ही तिच्याकडे काय मागितलंय.