पार्श्वभूमी : पाण्यातली सेंद्रिय प्रदूषके आणि सच्छिद्र पॉलिमरचे मणी

'पीफास' या सहजी न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवरच्या वादामुळे पॉलिमर अधिशोषके, म्हणजे पाण्यातली प्रदूषके आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारे सच्छिद्र मणी, पुन्हा बातम्यांत आली आहेत. प्रत्यक्षात हे मणी १९६०च्या सुमाराचे. स्टायरीन व डायव्हिनाइलबेंझीन या मोनोमरच्या, म्हणजे पॉलिमरच्या सुट्या घटकांच्या, मिश्रणात मोनोमर विरघळवणारा, पण पॉलिमर न विरघळवणारा द्रावक घालतात. तो मागाहून धुऊन काढला की त्याच्या जागी छिद्रे उरतात, आणि मणी वाळले तरी ती मिटत नाहीत. दशकभरातच मॉस्कोत पॉलिमरच्या साखळ्या फुगलेल्या अवस्थेतच एकमेकींना घट्ट बांधल्या गेल्या आणि पृष्ठफळ ग्रॅमला हजार चौरस मीटरवर पोहोचले.

पिण्याच्या पाण्याशी त्यांची गाठ पडली ती प्रयोगशाळेत. अमेरिकेतल्या एम्स शहराच्या विहिरींचे पाणी कोळशापासून गॅस बनवण्याच्या जुन्या कचऱ्याने नासले होते. त्यातली अत्यल्प संयुगे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला याच मण्यांवर गोळा करून ओळखली गेली. म्हणजे आजार शोधायला रेझिन, अर्थात हेच मणी, चालले. औषध म्हणून मात्र सक्रिय कार्बनला, म्हणजे सच्छिद्र केलेल्या कोळशालाच, पसंती मिळाली.

तो निर्णय आजही खटकतो. क्लोरिन टाकलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो, हे १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाण्यावरून स्पष्ट झाले. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या नळाच्या पाण्यावरून अमेरिकेत गदारोळ उठला आणि वर्षअखेरीस पेयजल कायदा आला. १९७८च्या मसुद्यात नियामकांनी ७५,००० हून अधिक लोकांना पाणी देणाऱ्या, धोक्याच्या स्रोतांवरच्या यंत्रणांना दाणेदार सक्रिय कार्बन बसवायला सांगितले. पाणीपुरवठा करणारे उसळले : खर्च कोण सोसणार, वापरलेला कार्बन तापवून पुन्हा कामाचा करणाऱ्या भट्ट्या कुठे उभारणार, फायद्याचा पुरावा काय? १९७९ मध्ये ट्रायहॅलोमिथेनची (क्लोरोफॉर्म ज्यात मोडतो त्या संयुगांची) लिटरला ०.१० मिलिग्रॅम ही मर्यादा तेवढी पक्की झाली. कार्बनची अट १९८१ मध्ये मागे घेतली गेली. खर्चाचा आक्षेप पोकळ नव्हता. पण मसुद्याने थेट कार्बनचेच नाव घेतल्याने सगळी भांडणे कार्बन हवा की नको, यावरच झाली. द्रावकाने जागीच धुऊन पुन्हा वापरता येणारे रेझिन कडेलाच राहिले. ते महाग होते, हेही खरे. त्यामुळे त्याने बस्तान बसवले ते कारखान्यांच्या सांडपाण्यात, जिथे पकडलेले फिनॉल कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणाने सोडवून परत मिळवता येते.

२००० नंतर सच्छिद्र पॉलिमरच्या नव्या जातींची रीघ लागली आणि पृष्ठफळाचे आकडे फुगत गेले. त्या शर्यतीला २०१६ मध्ये छेद बसला. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या, म्हणजे स्टार्चपासून मिळणाऱ्या साखरेच्या रेणूंच्या, कड्या जोडून केलेल्या पॉलिमरचे पृष्ठफळ ग्रॅमला जेमतेम २६३ चौरस मीटर होते. तरी त्याने बिस्फेनॉल-ए हे प्लॅस्टिकमधले रसायन सक्रिय कार्बनपेक्षा कित्येक पट वेगाने उचलले, आणि साध्या तापमानाला मिथेनॉलने धुतल्यावर ते पुन्हा कामाला लागले.

२०२४ मध्ये अमेरिकेने पीफासपैकी दोन संयुगांसाठी लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. यावेळी तंत्र सक्तीचे नाही, फक्त सुचवलेल्या तंत्रांची यादी आहे : दाणेदार कार्बन, ऋणायन-विनिमय रेझिन (ऋणभारित प्रदूषके धरून त्यांच्या बदल्यात दुसरे ऋणायन सोडणारे मणी) आणि पटल-गाळण. सायक्लोडेक्स्ट्रिन त्यात नाही. रेझिन आहे, पण पीफास सोडवायला मीठपाण्याच्या जोडीला मिथेनॉलसारखा द्रावक लागतो. पिण्याच्या पाण्याच्या केंद्रावर तो हाताळणे नको म्हणून ते बहुतेक ठिकाणी एकदाच वापरून जाळले किंवा पुरले जाते.